दर पावसाळ्यात तडकणारी पितळी टी: तबेल्यातल्या एअर लाइनचा माग

पहाटे साडेतीनला फोन वाजला की मला नाव बघायची गरज पडत नाही. जुलै असतो, पत्र्यावर पाऊस कोसळत असतो आणि पलीकडून तबेल्याचे मालक, काका, म्हणतात, "अरे, कॉम्प्रेसर थांबतच नाहीये. काटा चारच्या वर जात नाही. आठ म्हशी आत उभ्या आहेत आणि गेट उघडत नाहीये."

सलग चार पावसाळे हा फोन आला. दर वेळी रेनकोट चढवून गेलो, साबणाचं पाणी मारत लाइन चाचपली, तडकलेली पितळी टी (पाइपाचा तीन तोंडी जोड) नाहीतर एल्बो (काटकोनी जोड) काढून नवी बसवली, चहा घेतला आणि घरी आलो. चौथ्या वर्षी एकाच महिन्यात तीन टी गेल्या तेव्हा मात्र स्वतःचीच लाज वाटली. हवेवर चालणारं दूध काढायचं मशीन असेल आणि फिटिंग सारखी तडकत असेल, तर दुकानदाराला शिव्या घालण्याआधी हे वाचा. पहिली दोन वर्षं मी त्या शिव्याच घालत होतो.

तबेला गोरेगाव पूर्वेला, आरेला लागून. चाळीस म्हशी, बहुतेक मुऱ्हा, थोड्या जाफराबादी. शहरातल्या म्हशी बाहेर न्यायच्या म्हणून १९४९ मध्ये आरे वसाहत झाली, तेव्हा हा भाग गावाबाहेर होता. आता काकांच्या कुंपणाला बिल्डिंगची भिंत चिकटली आहे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना पहाटे कॉम्प्रेसरचा आवाज सहन होत नाही. मशीन बसलं त्या वर्षी दोनदा भांडण झालं. मग कॉम्प्रेसर मागे हलवला, शेणाच्या खड्ड्याशेजारच्या पडवीत. जागा मीच दाखवली होती. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

अशा मशीनमध्ये दोन वेगळ्या हवा असतात, आणि निम्मा घोळ त्या एकच समजल्यामुळे होतो. पहिली व्हॅक्युमची. पंप लाइनमधली हवा ओढून घेतो, काटा पंधरा इंचांवर, म्हणजे साधारण ५० किलोपास्कलवर ठेवतो, आणि त्या ओढीवर दूध निघतं. पल्सेटर मिनिटाला साठ वेळा कपाच्या आतल्या रबरी लायनरला उघडतो, मिटवतो. उघडा असताना धार येते, मिटला की सडाला आराम मिळतो. दुसरी हवा कॉम्प्रेसरची, सहा बार दाबाची. तिचा दुधाशी थेट संबंध नाही. ती गेट उघडते, आणि दूध संपलं की कप काढून घेणारा सिलेंडर खेचते. आमच्याकडे धार मिनिटाला २०० ग्रॅमच्या खाली आली की सेन्सर इशारा देतो, कपांचा व्हॅक्युम तोडला जातो आणि मग सिलेंडर दोरी ओढतो. क्रम महत्त्वाचा आहे. आधी व्हॅक्युम तुटायला हवा, ओढ त्यानंतर.

म्हणून दाब कमी पडला की नुसतं गेट अडलं एवढ्यावर भागत नाही. व्हॅक्युम तोडणारा व्हॉल्व्हही त्याच हवेवर चालतो. तो आळसला की कप सडाला घट्ट चिकटलेले असतानाच सिलेंडर त्यांना ओढायला लागतो. म्हैस लाथ मारते आणि दुसऱ्या दिवशी पान्हा सोडायला कुरकुरते. म्हशीला पान्हवायला गाईपेक्षा तसाही जास्त वेळ लागतो. एकदा बिथरली की आंबोणाची दुसरी पाटी पुढे ठेवूनही ऐकत नाही. धार काढणाऱ्या मामांनी पहिल्या वर्षीच सांगितलं होतं, "मशीन ओढतंय तिला." मी हसलो होतो. मामा बरोबर होते.

आता माझ्या चुकांचा हिशेब.

पहिल्या वर्षी वाटलं, माल हलका आहे. मुंबईच्या हार्डवेअर बाजारात, नागदेवी स्ट्रीटला, जाऊन जास्त वजनाची, निकेल चढवलेली पितळी टी आणली. पुढच्या जुलैत तीही गेली. दुसऱ्या वर्षी वाटलं, आटे नीट बसत नसावेत. मग टेफ्लॉन टेपचे आणखी चार वेढे आणि पान्याने आणखी अर्धा फेरा. आपल्या धंद्यातला जुना रोग आहे हा: गळतंय का, एक फेरा अजून दे. ती टी पुढच्या वर्षी जूनमध्येच तडकली. म्हणजे आवळण्याचा काहीतरी संबंध होता, पण मला तो उलटा वाचता आला नाही. तिसऱ्या वर्षी कंपनाला दोष दिला, कॉम्प्रेसरखाली रबर घातलं, लाइनला जागोजागी क्लॅम्प मारले. कशाचाही उपयोग झाला नाही.

चौथ्या वर्षी काढलेल्या तीन टी मी फेकल्या नाहीत. घरी आणल्या, जुन्या वर्तमानपत्रावर मांडल्या आणि भिंग घेऊन बसलो.

धक्का लागून तुटलेलं पितळ वाकतं, ताणलं जातं, तुटलेल्या कडेला चमकतं. इथे तसं काही नव्हतं. चीर केसाएवढी, आट्यांच्या तोंडापासून सुरू होऊन लांबीच्या दिशेने सरळ आत गेलेली. कुठेही वाक नाही. एक टी हॅक्सॉने उभी कापली. बाहेरून निकेल आरशासारखं, आणि आत, भोकाच्या तळाच्या बाजूला, निळसर हिरवा थर. नखाने खरवडला तर भुकटी निघत होती. ती चीरसुद्धा आतल्या बाजूला रुंद आणि बाहेर येईपर्यंत बारीक झालेली. म्हणजे ती आतून सुरू झाली होती.

मग कुठली फिटिंग कुठे होती, ते वहीतून काढलं. बिलं नसली तरी तारखा आणि जागा लिहायची सवय आहे, ती कामाला आली. चार वर्षांत सात तडकल्या होत्या. गंमत अशी की म्हशींच्या डोक्यावरून जाणाऱ्या लाइनवर, जिथे मुताचा वास डोळ्यांत पाणी आणतो, तिथे एकही नाही. सातपैकी सहा लाइनच्या सर्वांत खालच्या जागी होत्या: पाइप खाली उतरून पुन्हा वर जातो तिथे. त्यातल्या दोन तर दुधाच्या खोलीत, फरशी लावलेल्या, रोज धुतल्या जाणाऱ्या, म्हशींपासून वीस फूट लांब. बाहेरच्या हवेने पितळ खाल्लं असतं तर आधी गोठ्यातली जायला हवी होती. खालच्या जागी काय साचतं? पाणी.

दुसरा पुरावा चार वर्षं डोळ्यांसमोर लटकत होता. एफआरएलचा, म्हणजे हवा गाळून तिचा दाब ठरवणाऱ्या आणि तेल देणाऱ्या जोडणीचा पारदर्शक बाउल, ज्यात लाइनचं पाणी गोळा होतं. तो दुसऱ्या वर्षापासूनच धुरकट झाला होता. मी दर वेळी फडक्याने पुसायचो, डाग जायचे नाहीत, मी सोडून द्यायचो. या वेळी उन्हाकडे धरून बघितला, तर ते डाग नव्हतेच. आतल्या बाजूने कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा होत्या. हे बाउल पॉलिकार्बोनेटचे असतात आणि पॉलिकार्बोनेटचा एक पक्का वैरी म्हणजे अमोनिया.

तिथे डोक्यात दिवा लागला.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्यावर सतत ताण असेल, ओल असेल आणि अमोनिया असेल, तर ते धातूच्या कणांच्या शिवणीतून उसवत जातं. तिन्ही गोष्टी एकत्र लागतात, एक जरी काढली तरी तडकणं थांबतं. हे ज्ञान आपल्याच पावसाळ्यातून आलेलं आहे. इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळाभर घोड्यांच्या पागेत ठेवली जायची आणि कोरड्या दिवसांत बाहेर काढली की तडकलेली निघायची. कारण बरीच वर्षं कळत नव्हतं. १९२१ मध्ये मूर या धातुसंशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मांडलं: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि काडतूस ओढून घडवताना पितळात राहिलेला ताण. उपाय म्हणून काडतुसं तापवून तो ताण घालवायला लागले. शंभर वर्षांनी मी गोरेगावात तीच पागा बांधून ठेवली होती, फक्त घोड्यांच्या जागी म्हशी.

ताण कुठून आला? माझ्या पान्यातून. निमुळते आटे पितळी टीमध्ये आवळत गेलं की ते पाचरीसारखे काम करतात, टीचं तोंड आतून फाकवत राहतात. टेप घसरती असते, त्यामुळे हाताला जोर लागल्यासारखं वाटत नाही आणि आपण आणखी आवळतो. चीर लांबीच्या दिशेने जाते ती यामुळेच. आणि जास्त आवळलेली टी लवकर का गेली, त्याचंही उत्तर मिळालं.

अमोनिया आत कसा शिरला? कॉम्प्रेसर शेणाच्या खड्ड्याशेजारी बसून तिथलीच हवा ओढत होता. पावसाळ्यात वारा अडवायला ताडपत्र्या खाली सोडतात, शेण वाळत नाही, मुताची गटारं वाहत नाहीत, पडवी कोंदते. ती हवा आठपट दाबून आपण पाइपात भरतो, आणि अमोनिया पाण्यात आनंदाने विरघळतो.

पाणी किती, याचा हिशेब एकदा करून बघा, मी कागदावर केला तेव्हा मलाच पटेना. ३० अंशांना हवा घनमीटरला साधारण ३० ग्रॅम वाफ धरून ठेवू शकते. जुलैत आर्द्रता ८५ टक्के धरली तर त्यात जवळजवळ २६ ग्रॅम वाफ असतेच. सात बारपर्यंत दाबायला बाहेरची आठ घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबावी लागते, म्हणजे २०० ग्रॅमच्या वर वाफ. आणि ती दाबलेली एक घनमीटर हवा ३० अंशांना आली की धरणार ३० ग्रॅमच. उरलेलं १७०-१८० ग्रॅम पाणी म्हणून खाली पडतं, म्हणजे दोन कटिंग चहाएवढं, प्रत्येक आठ घनमीटरमागे. जानेवारीत, २० अंश आणि ६० टक्के आर्द्रता धरली, तर हाच आकडा ६५-७० ग्रॅमवर येतो. पावसाळ्यातच का, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

आणि हे सगळं पाणी टाकीत पडत नाही. टाकी गरम असते. ४५ अंशांच्या हवेत घनमीटरला ६५ ग्रॅम वाफ मावते. ती पाइपातून पुढे जाते, थंड होते आणि तिथे पाणी सोडते. म्हणजे टाकी रोज रिकामी केली तरी खालच्या टीमध्ये पाणी साचणारच. आम्ही तर टाकीही रोज रिकामी करत नव्हतो.

एवढं जुळल्यावरही खात्री हवी होती. क्रॉफर्ड मार्केटजवळ माशांच्या टाक्यांचं सामान मिळतं, तिथून पाण्यातला अमोनिया तपासायचा किट आणला. टाकीच्या ड्रेनमधून निघालेलं पाणी दुधाळ होतं, कारण त्यात कॉम्प्रेसरचं तेल मिसळलेलं असतं. रात्रभर बाटलीत ठेवलं, तेल वर आलं, खालचं नितळ पाणी काढलं. शेजारी तुलनेला नळाचं पाणी. थेंब टाकले. नळाचं पिवळंच राहिलं, टाकीचं काही मिनिटांत गडद हिरवं. काका माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, "म्हणजे चार वर्षं मी पाइपात मूतच भरत होतो म्हण की." मी नाही म्हणू शकलो नाही.

आता केलं काय ते. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक काम म्हणजे कॉम्प्रेसरचं नाक हलवणं. कॉम्प्रेसर तिथेच ठेवला, बाईंशी पुन्हा भांडण नको. त्याच्या इनटेकला जाड पीव्हीसी पाइप जोडून तो रस्त्याच्या बाजूला, छपराच्या वर नेला, तोंड खाली वळवलं, जाळी आणि फिल्टर लावला. पाइप बारीक घेऊ नका, कॉम्प्रेसरचा दम कोंडतो; मूळ इनटेकपेक्षा निदान दुप्पट व्यासाचा घ्या. पंधरा दिवसांनी पुन्हा किट लावला, पाणी जेमतेम हिरवट.

पाण्यासाठी टाकीला आपोआप उघडणारा ड्रेन बसवला आणि लाइनला उतार दिला. खाली उतरून वर जाणाऱ्या प्रत्येक जागी वीतभर पाइप खाली सोडून त्याच्या टोकाला छोटा बॉल व्हॉल्व्ह लावला. हवा घ्यायची फांदी आता मुख्य पाइपाच्या वरून निघते, खालून नाही. मामा रोज धार काढण्याआधी हे चार व्हॉल्व्ह क्षणभर उघडतात. पहिल्या आठवड्यात फस्सकन तपकिरी पाणी उडायचं.

एफआरएलचा बाउल धातूचा घेतला. यात कंजुशी करू नका. चिरा पडलेला पॉलिकार्बोनेट बाउल सहा बारवर फुटला तर तुकडे तोंडावर येतात. तुमच्याकडे पारदर्शक बाउल असेल तर आज हवा सोडून तो काढा, उजेडाकडे धरा. जाळं दिसलं तर परत लावू नका. चांगला असेल तर फक्त साबणाच्या पाण्याने धुवा. रॉकेल आणि थिनर त्यालाही खातात.

फिटिंगचं काय? सगळीकडे एसएस ३१६ (न गंजणारं स्टील) लावा असं सांगणारे भेटतील, विशेषतः विकणारे. मी फक्त खालच्या सहा-सात जागी लावल्या. बाकी पितळ तसंच ठेवलंय. जिथे बदलता आलं तिथे निमुळत्या आट्यांऐवजी सरळ आटे आणि वॉशरवाली फिटिंग घेतली, कारण ती तोंड फाकवत नाही, वॉशर दाबून बंद होते. स्टीलवर स्टील आवळताना आटे एकमेकांत अडकून बसतात, तिथे टेप किंवा पेस्ट लावल्याशिवाय पाना फिरवू नका. जिथे दुधाचा संबंध येतो तिथे पितळ कधीच नको. तांब्याचा अंश दुधात उतरला की स्निग्धांश लवकर खवट होतो.

आटे घेतानाही डोळे उघडे ठेवा. आट्यांच्या दोन जाती मिळतात, ब्रिटिश बीएसपी आणि अमेरिकन एनपीटी. पाव इंची बीएसपीला इंचात १९ आटे असतात, एनपीटीला १८. दोन्ही हाताने दोन-तीन फेरे बसतात आणि मग अडतात. आपण म्हणतो "टाइट आहे" आणि पाना लावतो. नागदेवीत दोन्ही एकाच डब्यात मिळालेत मला. अर्धा इंचीत तर दोन्हींना १४ आटे, फरक फक्त कोनात, ५५ आणि ६० अंश. ते पूर्ण बसतात आणि आयुष्यभर गळतात.

ट्यूबची गोष्ट वेगळी. पुश फिटिंगमध्ये ट्यूब घातली की आतले दात तिला धरतात आणि ओ-रिंग हवा अडवते. ट्यूब ब्लेडने तिरकी कापली किंवा टोकाला ओरखडा असला तर ओ-रिंगवर ती बसतच नाही. साधा ट्यूब कटर घ्या, पक्कडीने कापू नका. सहा मिमीच्या फिटिंगमध्ये पाव इंची ट्यूब, म्हणजे ६.३५ मिमी, दाबून घालणारेही बघितलेत. आणि पीयू (पॉलियुरेथेन) ट्यूब घेताना पॉलिइथर जातीची मागा. पॉलिएस्टर जातीची पीयू ओल्या गरम हवेत पाण्यानेच कुजते, आधी चिकट होते, मग वाकवली की बिस्किटासारखी तुटते. दिसायला दोन्ही सारख्याच निळ्या, म्हणून रोलवर काय छापलंय ते वाचून घ्या.

व्हॅक्युमच्या बाजूची गळती शोधताना मात्र वरचं साबणाचं पाणी विसरा. तिथे हवा बाहेर येत नाही, आत जाते, त्यामुळे फेस फुगत नाही, उलट गायब होतो. मी असं करतो: पंप चालू, सगळे कप बंद, काट्यावर नजर. मग एकेका जागेची रबरी नळी चिमट्याने दाबायची. जी दाबल्यावर काटा वर सरकतो ती फांदी गळतेय. दाबाच्या हवेसाठी बनवलेली हलकी पुश फिटिंग व्हॅक्युमला लावली की असं हमखास होतं. तिची ओठवाली रिंग आतून दाब आला तरच फुगून बसते. ओढ लागली की ओठ मिटतो. पाकिटावर उणे दाबही चालतो असं छापलेलं असेल तरच व्हॅक्युमला वापरा.

पल्सेटरची नळी फाटली असेल तर काट्यावर फारसं कळत नाही. तिथे अंगठा लागतो. हात धुऊन, मशीन चालू असताना अंगठा एकेका लायनरमध्ये घालायचा. चांगला लायनर सेकंदाला एकदा लहान मूल अंगठा चोखतं तसा दाबतो आणि सोडतो. एखादा नुसताच धरून बसला तर त्याची छोटी नळी बघा, बहुतेक वेळा धातूच्या नळकांड्यावर बसते त्या वळणावर चिरलेली असते. असा लायनर सडाला आराम देत नाही, रक्त उतरून सड जांभळट होतं, आणि दगडी, म्हणजे कासेचा दाह, व्हायला अशी सुरुवात पुरते.

पल्सेटरही दर ठोक्याला गोठ्याचीच हवा आत घेतो. त्याचा फिल्टर भुश्शाने भरला की ठोका बिघडतो. त्याला बाहेरची गाळलेली हवा पुरवणारी वेगळी नळी टाकता येते, टाकली तर उत्तम. काकांकडे अजून टाकलेली नाही, महिन्याला फिल्टर धुतो.

एक सूचना धुलाईबद्दल, विषय निघालाच आहे तर. ॲसिडची धुलाई आणि हायपोक्लोराइट (ब्लीच) कधीही एका बादलीत किंवा एकापाठोपाठ पाणी न मारता वापरू नका. क्लोरीन वायू सुटतो, आणि पावसाळ्यात ताडपत्र्या सोडलेल्या कोंदट गोठ्यात तो जाणार कुठे?

तुमच्याकडची एअर लाइन किती गळतेय हे मोजायला यंत्र लागत नाही. रात्री काम संपलं की टाकी सहा बारला भरा, कॉम्प्रेसर बंद करा, काहीही हलवू नका आणि घड्याळ लावा. २०० लिटरची टाकी एक बार उतरली म्हणजे साध्या दाबाची २०० लिटर हवा गेली. वीस मिनिटांत उतरली तर मिनिटाला दहा लिटर, चालायचंच. आमच्याकडे त्या चौथ्या जुलैत सहावरून पाच व्हायला दीड मिनिट लागलं होतं, म्हणजे मिनिटाला १३० लिटरच्या वर. दोन एचपीचा कॉम्प्रेसर मिनिटाला दोनशेच्या आसपास देतो. गेटला आणि सिलेंडरला उरलं काय? मग लाइनचे बॉल व्हॉल्व्ह एकेक बंद करून पुन्हा वेळ लावा, कुठली फांदी खातेय ते तासाभरात हाती येतं. फिटिंग उघडण्याआधी त्या फांदीची हवा सोडा. मी एकदा सोडली नव्हती, ट्यूब गालावर सणसणीत बसली होती.

सारे बदल झाल्यावर दोन पावसाळे गेले. पहिल्यात एकही टी तडकली नाही. या जुलैत साडेतीनला पुन्हा फोन आला आणि माझ्या पोटात गोळा आला. "गेट उघडत नाहीये." काटा कितीवर आहे विचारलं. सहा. ड्रेनमधून काय निघतंय? काही नाही. मग सोलेनॉइडच्या, म्हणजे गेटची हवा सोडणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हच्या, खालचे दोन सायलेन्सर, ती बोटाच्या पेराएवढी पितळी जाळीदार टोपणं, हाताने फिरवून काढायला सांगितलं. भुसा आणि तेल मिळून त्यांची चिक्की झाली होती. मामांनी ती काढली, फोनवरच मला फट्कन आवाज आला, आणि मागून म्हशीच्या घंटेचा.